सब्र करणारी आणि हिशेब ठेवणारी : आशियाई मालिकांतील बाई

मालिका पाहणे आणि मालिकेवर लिहिणे या दोन गोष्टींत आपल्याकडे मोठे अंतर आहे. पाहतात सगळे, लिहीत कोणी नाही. कवितासंग्रहाला परीक्षण मिळते, कादंबरीवर चर्चासत्र होते. पण रात्रीच्या जेवणानंतर ज्या गोष्टीसमोर अख्खे घर बसते, तिची बोळवण 'बायकांचे खूळ' या दोन शब्दांत केली जाते. हे खूळ घरातले पुरुषही पेपरच्या आडून पाहत असतात, हे वेगळे सांगायला नको. माझे स्पष्ट मत असे आहे की, आपल्या समाजातील बऱ्याच स्त्रियांनी गेल्या चाळीस वर्षांत जे कथासाहित्य अनुभवले, ते पुस्तकातले नव्हते. ते पडद्यावरचे होते. नवरा कसा असावा, सासू कशी असते, मुलीने किती बोलावे आणि केव्हा गप्प बसावे, याचे धडे त्यांना तेथे मिळाले. म्हणून या धड्यांची झाडाझडती साहित्याच्या पानांवरच व्हायला हवी.

या लेखात मी पाकिस्तान, जपान, कोरिया आणि तुर्कस्तान येथील काही मालिकांचा विचार करणार आहे. सगळ्यांना एकच कसोटी लावणार आहे. ती कसोटी म्हणजे 'सब्र' हा शब्द. आपल्या घरातील मुलीने हा शब्द जितक्या वेळा ऐकलेला असतो, तितका दुसरा क्वचितच. माहेरी ऐकते, सासरी ऐकते, निकाहाच्या दिवशी तर प्रत्येक खाला-फूफी कानात तेच सांगून जाते. आशियाई मालिकांची नायिका ही बहुतेक वेळा सब्र करणारी बाई असते. प्रश्न एवढाच की, सब्र करताना ती काय करते? नुसती रडते, की हातपाय हलवते? आणि तिच्या सब्रचे फळ कोणाच्या पदरात पडते?

आधी एका बाह्य पण महत्त्वाच्या गोष्टीबद्दल. या मालिका संपतात. आपल्याकडे हे नवल वाटावे अशी परिस्थिती आहे. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' २००० ते २००८ या काळात १८३३ भाग चालली. मराठीत 'चार दिवस सासूचे' या नावाच्या मालिकेने तीन हजारांहून अधिक भाग केले. सुनेचे चार दिवस काही उजाडले नाहीत! याउलट 'हमसफर' २३ भागांत संपली, 'जिंदगी गुलजार है' २६ भागांत. कोरियन मालिका साधारणपणे १६ किंवा २० भागांच्या असतात. शेवट ठरलेला असला की, लेखकाला पात्राला कोठेतरी न्यावे लागते. शेवट नसला की, पात्राला फक्त छळत ठेवावे लागते. न संपणाऱ्या मालिकेत सब्र हा गुण राहत नाही, तो धंदा होतो.

पाकिस्तानी नाटकांची ओळख आपल्या घरांना उपग्रह वाहिन्यांच्या फार आधी झाली. १९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेटवर ही नाटके मुंबईच्या मोहल्ल्यांत फिरत. आखातातून सुट्टीवर येणाऱ्यांच्या सामानातही अत्तर, कापड आणि कॅसेटी असत. त्या काळातील सर्वांत मोठे नाव हसीना मोईन यांचे. १९४१ साली कानपुरात जन्मलेल्या आणि २०२१ साली कराचीत निधन पावलेल्या या लेखिकेने 'अनकही', 'तनहाइयाँ', 'धूप किनारे' या नाटकांतून एक वेगळीच मुलगी उभी केली. 'अनकही'तील सना घर चालवण्यासाठी ऑफिसात नोकरी धरते. 'तनहाइयाँ'तील दोन बहिणी आईबाप अपघातात गेल्यावर मावशीकडे राहतात आणि थोरली जारा विकले गेलेले घर परत मिळवण्याच्या ध्यासाने कामाला लागते. 'धूप किनारे'ची जोया डॉक्टर आहे. या मुली बडबड्या आहेत, चुका करतात, मोठ्यांची चेष्टा करतात. त्यांच्यावर संकटे येतात, पण संकट हीच त्यांची ओळख होत नाही. आणि विशेष म्हणजे ही नाटके झिया-उल-हक यांच्या लष्करी राजवटीत आली. बाईने डोक्यावर काय घ्यावे याचे हुकूम दूरदर्शनला मिळत होते, त्याच काळात हसीना मोईन यांनी तिच्या डोक्यात काय चालले आहे ते दाखवले.

पुढची पिढी भारतात आली ती जून २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'जिंदगी' या वाहिनीवरून. पहिल्याच दिवसापासून गाजली ती 'जिंदगी गुलजार है'. लेखिका उमेरा अहमद, दिग्दर्शिका सुलताना सिद्दीकी. या मालिकेची खरी नायिका कशफ नव्हे, तिची आई राफिया आहे, असे मला वाटते. तीन मुलीच झाल्या म्हणून नवरा मुर्तझा दुसरा निकाह करून वेगळा राहतो. राफिया शाळेत शिकवते, घरी शिकवण्या घेते आणि तिन्ही मुलींना शिकवते. ती सब्र करते, पण तिच्या सब्रला वेळापत्रक आहे. सकाळची शाळा, दुपारच्या शिकवण्या, महिनाअखेरीचा हिशेब. कोणत्या मुलीची फी आधी भरायची आणि कोणाचे कपडे पुढच्या महिन्यावर ढकलायचे, याचा विचार करणारी आई आपल्या ओळखीची आहे. मराठी शाळेत शिकवून किंवा शिलाई मशीन चालवून मुलींना पदवीपर्यंत नेणाऱ्या राफिया आपल्या प्रत्येक गावात निघतील. कशफ मात्र आईसारखी शांत नाही. ती डायरीत अल्लाहजवळ तक्रार करते, आम्हालाच का, असे विचारते. अशी तक्रार करणारी मुलगी ईमानातून जात नाही, हे या मालिकेने दाखवले. ती शिष्यवृत्तीवर शिकते, स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण होऊन अधिकारी होते. आणि ज्याला मुली नको होत्या, त्या बापाला शेवटी या मुलींचेच मोल कळते.

पण येथेच या मालिकेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गरिबाघरची राफिया नोकरी करते तेव्हा ती त्याग ठरते. श्रीमंताघरची गझाला, म्हणजे झारूनची आई, घराबाहेर काम करते तेव्हा तो दोष ठरतो. झारूनची बहीण सारा आणि मैत्रीण अस्मारा यांना स्वतःच्या मर्जीने जगायचे आहे, तर कथा त्यांना एकेक करून हरवते. म्हणजे बाईने पोटासाठी काम करावे, आवडीसाठी नको. बाई कर्तबगार असावी, पण नवऱ्याच्या घरी पाऊल ठेवताना कर्तबगारी चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवावी. उमेरा अहमद यांची लेखणी समर्थ आहे, म्हणूनच हा उपदेश नकळत गळी उतरतो. मालिकेच्या शेवटी कशफला जुळ्या मुली होतात आणि झारून आनंदतो. कथेची सुरुवात ज्या जखमेतून झाली, त्या जखमेवर हा सुंदर मलम आहे. तरीही प्रश्न राहतोच की, त्या मुलींपैकी एकीला साराप्रमाणे वागावेसे वाटले तर?

'हमसफर' त्याच काळातील, २०११-१२ मधील. फरहत इश्तियाक यांची कथा, सरमद खूसट यांचे दिग्दर्शन. माहिरा खान आणि फवाद खान या जोडीने सीमेच्या दोन्ही बाजूंना वेड लावले. कसोटी लावली तर मात्र ही मालिका मला दुबळी वाटते. खिरद गणित शिकलेली मुलगी आहे. सासूच्या कारस्थानामुळे तिच्यावर बदचलनीचा आळ येतो, गरोदर असताना घराबाहेर काढली जाते आणि काही वर्षांनी मुलीच्या हृदयाच्या उपचारासाठी नवऱ्यासमोर येते. ती स्वाभिमानी आहे, यात शंका नाही. पण तिची सुटका कशाने होते? तिच्या कष्टाने नाही, तिच्या गणिताने तर नाहीच. खलनायिकांचे कारस्थान उघडे पडल्यामुळे होते. नवऱ्याला सत्य कळेपर्यंत तिने थांबायचे. आणि ज्याने एकदा शहानिशा न करता बायकोला रस्त्यावर जाऊ दिले, तो अशर शेवटी केवळ फसवला गेलेला भला माणूस ठरतो. सगळे पाप सासूच्या आणि चुलतमामे बहिणींच्या माथी मारून पुरुषाला मोकळे सोडणे, ही या प्रकारच्या मालिकांची जुनी खोड आहे. आपल्याकडील हिंदी-मराठी मालिका याला अपवाद नाहीत.

याहून गंभीर तक्रार तलाकबद्दल आहे. अलीकडच्या कितीतरी पाकिस्तानी मालिकांत नवरा रागाच्या भरात तीनदा तलाक म्हणतो, ढगांचा गडगडाट होतो आणि बाई त्या क्षणी परकी होते. मग हलाल्याच्या भोवती चार-सहा भाग सहज रचले जातात. वस्तुस्थिती काय आहे? पाकिस्तानात १९६१ पासून मुस्लिम कौटुंबिक कायद्याचा अध्यादेश लागू आहे. त्यानुसार तलाक दिल्यावर नवऱ्याने युनियन कौन्सिलच्या अध्यक्षाला लेखी सूचना द्यायची, तिची प्रत बायकोला द्यायची, समेटासाठी मंडळ बसायचे, आणि नव्वद दिवस उलटल्याशिवाय तलाक अमलात यायचा नाही. दुसऱ्या निकाहासाठीही लेखी परवानगीची अट आहे. इतकेच नव्हे, तर १९६७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या संमतीशिवायही बाईला न्यायालयातून खुला मिळू शकतो, असा निर्णय दिला. कायद्याचे हे दार साठ वर्षे उघडे असताना मालिकेतील बाईला ते दिसत नाही; तिला फक्त ढगांचा गडगडाट ऐकू येतो.

हा प्रश्न आपल्या दृष्टीने परका नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा घेऊन मुंबईच्या सचिवालयावर गेल्या होत्या. दलवाईंची सगळी मते मान्य असोत वा नसोत, त्या सात जणींचे धैर्य नाकारता येणार नाही. पुढे २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला. त्यानंतरच्या २०१९ च्या कायद्यातील शिक्षेच्या तरतुदीबद्दल आपल्यात वाद आहेत आणि ते असायलाच हवेत. पण आपल्या आई-बहिणींना रोज रात्री पडद्यावरून असे शिकवले जात असेल की, पुरुषाच्या तोंडून तीन शब्द गेले की जगातला कोणताही दरवाजा उघडत नाही, तर ती करमणूक राहत नाही. ते अज्ञानाचे शिक्षण होते.

याच पाकिस्तानात 'उडारी' ही मालिकाही झाली, हे न सांगणे अन्यायाचे होईल. २०१६ सालची ही मालिका. लेखिका पुन्हा फरहत इश्तियाकच. सावत्र बापाने लहान मुलीवर केलेला अत्याचार हा तिचा विषय. तेथील प्रसारण नियामक मंडळाने वाहिनीला नोटीस काढली, पण मालिका थांबली नाही. तिच्यातील आई साजिदा आधी नवऱ्यावर विश्वास ठेवते, कारण विधवेला आधार हवा असतो. मुलगी जे सांगू पाहते ते ऐकायला तिला वेळ लागतो, आणि एकदा ऐकल्यावर मात्र ती गप्प बसत नाही. 'घराची अब्रू' हा शब्द मुलीच्या जिवापेक्षा मोठा नाही, इतके सरळ विधान आपल्या भाषांतील फार थोड्या मालिकांनी केले आहे. म्हणजे तीच लेखिका 'हमसफर'मध्ये बाईला थांबायला लावते आणि 'उडारी'मध्ये कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावते. चांगल्या लेखकालाही विषयच मोठे करतो, तो असा.

आता जपानकडे वळू. एनएचकेने १९८३-८४ मध्ये 'ओशिन' ही मालिका दाखवली. रोज पंधरा मिनिटे, एकूण २९७ भाग. लेखिका सुगाको हाशिदा. जपानमध्ये तिची सरासरी प्रेक्षकसंख्या ५२ टक्क्यांवर गेली होती आणि नंतर ती जगभरच्या कितीतरी देशांत गेली. सात वर्षांच्या ओशिनला घरातील दारिद्र्यामुळे एका पोत्या तांदळाच्या मोबदल्यात दुसऱ्याच्या घरी मूल सांभाळायला पाठवतात. पुढे केशरचना, शिवणकाम, मासळीविक्री, दुकान असे एकेक काम शिकत ती उभी राहते. सासू छळते, युद्धात मुलगा जातो, नवरा आत्महत्या करतो. ओशिनही सब्र करते, पण प्रत्येक तडाख्यानंतर तिच्या हातात एक नवे काम असते. आणि हाशिदाबाईंची खरी कमाल पुढे आहे. मालिका सुरू होते ती म्हातारपणी. मुलाच्या सुपरमार्केटच्या नव्या शाखेचे उद्घाटन आहे आणि त्याच दिवशी ओशिन घर सोडून निघून जाते. आपण इतके मिळवले, मग मुले अशी का झाली, आपण वाटेत काय हरवले, हे शोधायला ती आपल्या जुन्या गावांना जाते. कष्टाचे फळ मिळाल्यावर त्या फळाचीही चौकशी करणारी नायिका मला दुसऱ्या मालिकेत सहसा भेटली नाही.

ओशिनचे सर्वांत जास्त प्रेम कोठे झाले असेल तर इराणमध्ये. युद्धाने पोळलेल्या त्या देशात ती इतकी रुजली की, ओशिनच्या सासरच्या 'तानोकुरा' या आडनावावरून फारसीत जुन्या कपड्यांना आणि ते विकणाऱ्या दुकानांना 'तानाकुरा' म्हणू लागले. पण १९८९ च्या जानेवारीत एक प्रसंग घडला. तेहरानच्या रेडिओवर आदर्श स्त्रीविषयी विचारले असता एका बाईने हजरत फातिमांपेक्षा ओशिन आजच्या काळाला जवळची वाटते, अशा अर्थाचे उत्तर दिले. आयातुल्ला खोमेनी संतापले, कार्यक्रमाच्या जबाबदार लोकांना शिक्षा फर्मावल्या गेल्या, नंतर माफीही मिळाली. त्या बाईची तुलना कोणालाही रुचणारी नव्हती. तरी मला वाटते, त्या दिवशी खरा प्रश्न धर्मोपदेशकांना विचारायला हवा होता. जाते ओढून हजरत फातिमांच्या हाताला घट्टे पडले होते, ही हकीकत हदीसमध्ये आहे. आपल्या वाअजमध्ये त्या हकीकतीतील तस्बीह सांगितली जाते; घट्टे मात्र पटकन मागे टाकले जातात. कष्टकरी बाईला ओशिनचे हात दिसले, कारण ते तिला दाखवले गेले. आपल्या पवित्र स्त्रियांचे हात आपणच झाकून ठेवले.

कोरियन मालिकांबद्दल आपल्या वडीलधाऱ्यांचा समज असा की, त्या कॉलेजातल्या मुलींच्या, गोऱ्यागोमट्या नटांच्या गोष्टी. तशाही आहेत, नाही असे नाही. श्रीमंत तरुण आणि गरीब मुलगी हा साचा तेथेही रग्गड वापरला जातो. पण 'दे जांग गुम' या २००३-०४ च्या ५४ भागांच्या मालिकेत राजवाड्याच्या स्वयंपाकघरातील मुलगी वैद्यकी शिकून राजाची वैद्य होते. आणि २०२५ साली आलेली, जेजू बेटावरची सोळा भागांची मालिका, जिचे इंग्रजी नाव 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स' असे आहे, ती तर आपल्या प्रत्येक घराने पाहावी अशी आहे. लेखिका इम सांग-चून, दिग्दर्शक किम वोन-सोक. एसुनची आई समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले काढणारी हेन्यो. ती ऐन तारुण्यात मरते. एसुनला कवयित्री व्हायचे असते. ती कवयित्री होण्याऐवजी बायको होते, आई होते, बाजारात बसते. पण आपल्या मुलीला मात्र समुद्रात उतरू देत नाही. या मालिकेत एक साधे दृश्य आहे. सासरी पुरुष एका मेजावर आणि बायका दुसऱ्या मेजावर जेवतात. नवरा ग्वान-सिक काहीही न बोलता पुरुषांकडे पाठ करून बायकोच्या मेजाकडे वळतो आणि तेथे जेवू लागतो. भाषण नाही, पार्श्वसंगीताचा गलबला नाही. दस्तरख्वानावर आधी पुरुष आणि उरल्यासुरल्यावर बायका, ही रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या वळण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आतापर्यंत सब्र एकट्या बाईचे होते. येथे पुरुष त्यातला वाटा उचलतो.

या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला 'एर्तुगरुल' आहे. तुर्कस्तानच्या सरकारी वाहिनीवर २०१४ ते २०१९ चाललेली ही मालिका २०२० च्या रमजानमध्ये पाकिस्तानात उर्दूत आली आणि आपल्या तरुणांच्या मोबाईलवरही पोहोचली. घोडे, तंबू, तलवारी सगळे देखणे आहे. सतत अपमान सोसणाऱ्या समाजाला विजयाचे दृश्य हवेसे वाटते, हे मी समजू शकते. पण तेराव्या शतकातील तलवार एकविसाव्या शतकातील कोणाच्याही मुलीची फी भरत नाही. आपल्या मुलांना एर्तुगरुलच्या घोड्याचा रंग पाठ असावा आणि राफियाच्या शिकवण्या ठाऊक नसाव्यात, हे मला खटकते.

आणखी एक गोष्ट आपल्या भाषेशी निगडित आहे. पाकिस्तानी मालिकांतील उर्दू कानाला गोड लागते. त्यातून आपल्या मुलींना वाटू लागले आहे की, अस्सल मुसलमान घर म्हणजे कराचीतील बंगला, तेच 'आप-जनाब' आणि तोच गरारा. मग घरातील नानीची दख्खनी, कोकणातील दादीची कोकणी आणि आपली सर्वांची मराठी ही जणू उणी भाषा ठरते. हिंदी वाहिन्यांनी तरी काय केले? 'कुबूल है' ही मालिका २०१२ मध्ये मुस्लिम कुटुंबाची कथा म्हणून सुरू झाली. पुढे तिच्यात जादूटोणा आणि पुनर्जन्माचाही शिरकाव झाला. मराठी मालिकांत मुस्लिम माणूस आलाच तर बिर्याणी घेऊन किंवा ईदच्या भागापुरता. त्याला घरभाडे, वीजबिल, मुलीचा निकाल असे काही नसते.

सप्टेंबर २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर 'जिंदगी' वाहिनीने पाकिस्तानी मालिका थांबवल्या. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी वाहिन्यांची यूट्यूबवरची दारेही भारतात बंद झाली. राजकारण आणि रक्तपात यांच्यापुढे मालिकेची मातबरी काय? पण त्या बंद झाल्यावर आपल्या घरांत जी पोकळी जाणवली, ती एक गोष्ट उघड करून गेली : राफिया भेटायला आपल्याला सीमेपलीकडे जावे लागत होते. ती सोलापुरात विडी वळत होती, मालेगावात यंत्रमागाच्या खडखडाटात मुलांना जेवू घालत होती, चिपळूणला नवऱ्याच्या आखातातील पगाराची वाट पाहत घर बांधत होती. पण तिच्यावर तेरा भाग लिहावेत असे कोणाला वाटले नव्हते. आपल्या कथाकारांनाही नाही. आपल्या कथांत तलाक आहे, दंगल आहे, मोहल्ला आहे. महिनाअखेरीचा हिशेब ठेवणारी बाई त्या मानाने थोडी आहे. ती लिहिली गेली की पडद्यावर येईल की नाही, हे वाहिन्यांच्या हातात. लिहिणे मात्र आपल्याच हातात आहे.